मुलांना मोठ्यांच्या मापाने मोजू नका

महोदय,

आजच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत दम उरलेला नाही, वडिलांबरोबर धावतानाही ती मागे पडतात, हे रविवारच्या पुरवणीतले विधान वाचून राहवले नाही. लेखकांच्या वयाचा मान राखूनच सांगते, हे मोजमापच चुकीचे आहे.

निरोगी किशोरवयीन मुलगा वजनाच्या किलोमागे मोठ्यांइतकाच प्राणवायू वापरू शकतो. हृदय-फुप्फुसे कमी पडत नाहीत. पण तेवढ्याच वेगाला त्याला जास्त प्राणवायू लागतो, स्नायूंतला साखरेचा साठा कमी असतो, घामही कमी सुटतो. म्हणून लांब पल्ल्याला तो आधी थकतो. याला आळस म्हणायचे?

माझी मुलगी नववीत आहे. गेल्या ऑक्टोबरात तालुका स्पर्धेत तिची ३००० मीटरची शर्यत सकाळी साडेसातला होती. पाहुण्यांची गाडी आली नाही म्हणून मुली उपाशीपोटी रांगेत उभ्या. मग नारळ, सत्कार, भाषणे. शर्यत सुटली तेव्हा बारा वाजून गेले होते. सावली फक्त मंडपात, आणि मंडप पाहुण्यांसाठी. पाचव्या फेरीला पोरगी कोसळली. अंग नुसते भाजत होते. दुसऱ्या मुलीच्या आईने ओढणी भिजवून तिच्या अंगावर टाकली. संयोजकांपैकी एक जण मला म्हणाले, "ताई, घरी सवय लावा जरा." तुमच्या लेखाचा सूर नेमका तोच आहे, म्हणून हे पत्र.

दम वयाबरोबर वाढतो. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, शर्यतींकडे वळला २०१५ मध्ये, आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचे, रौप्यपदक घेऊन आला. केनियाचा धावपटू किपचोगे याने अठराव्या वर्षी ५००० मीटरचे जागतिक सुवर्ण जिंकले खरे, पण २ तास १ मिनिट ९ सेकंदांची मॅरेथॉन तो धावला सदतिसाव्या वर्षी. चौदाव्या वर्षीच पोरांवर शिक्का कशाला मारता?

लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी आठच्या आत संपवा, उद्घाटन नंतर करा. आणि शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांबद्दल लेखकांनी एक ओळ तरी लिहायला हवी होती.

जाता जाता, त्या स्पर्धेची बातमी तुमच्याच अंकात आली होती. उद्घाटकांचा फोटो तीन कॉलमी होता, ३००० मीटर जिंकलेल्या मुलीचे नावसुद्धा नव्हते. यंदा तेवढे छापावे.

— एक पालक, जि. सोलापूर