आधी माळ्यावर चढून बघ

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

टॅम्पाचं घर 1988 सालचं आहे हे कळल्यापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. फ्लोरिडाभर कडक बांधकाम नियम आले 2002 मध्ये, अँड्र्यू वादळाच्या धड्यावरून. 24 ऑगस्ट 1992 ला ते ताशी सुमारे 265 किलोमीटर वेगाने दक्षिण फ्लोरिडातल्या होमस्टेडवर आदळलं. पडलेली घरं तपासली तेव्हा दिसलं, की छपराचं प्लायवूड नुसत्या स्टेपल पिनांनी ठोकलेलं, आणि बऱ्याच पिना खालच्या वाशात शिरल्याच नव्हत्या.

म्हणून या रविवारी टॉर्च घेऊन माळ्यावर चढ. वाशाच्या बाजूला खिळ्याचं टोक उघडं चमकत असेल, तर तो खिळा वाशाला चुकलाय. तो काहीही धरत नाही. वासा भिंतीवर टेकतो तिथे लोखंडी पट्टी हवी, वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी ठोकलेली. नुसते तिरके मारलेले खिळे उपटून येतात. पुढे छप्पर बदलशील तेव्हा अडीच इंची, कंगोरेदार खिळे सहा इंचांवर मारून घे, कोपऱ्यांत आणखी जवळ. वारा छपराला आधी कोपऱ्यातच धरतो.

गॅरेजचं दार तर त्याहून कच्चं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. रुंद, पातळ दार आत वाकतं, चाकं रुळातून निसटतात, वारा घरात घुसतो आणि छप्पर आतून वर ढकलतो. वरून वाऱ्याची ओढ असतेच. पैसे घालायचे तर पहिले इथे घाल. दाब सारखा राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेव, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. काचेला चिकटपट्टीही नको, काच फुटतेच आणि तुकडे मोठे पडतात. शटर नसतील तर 5/8 इंची प्लायवूड आत्ताच मापाने कापून, खिडकीचा नंबर घालून ठेव.

हे सगळं झालं वाऱ्यासाठी. पाण्यापुढे यातलं काही चालत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये हेलन वादळ टॅम्पापासून लांब समुद्रातून गेलं, तरी खाडीचं पाणी घराघरांत शिरलं. घरं रिकामी करायला सांगतात त्या कोणत्या झोनमध्ये (इव्हॅक्युएशन झोन) तुझं घर आहे ते बघ. त्या झोनला निघायला सांगितलं की त्याच दिवशी नीघ.

घरीच राहायची वेळ आलीच, तर माणशी रोज चार लिटर पाणी, सात दिवसांचं. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, माथ्यावर आला की वारा पडतो. तेव्हा बाहेर जाऊ नकोस, तो उलट दिशेने पुन्हा सुटतो. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, गॅरेजमध्ये कधीच नाही.

माळ्यावरचे फोटो पाठव. वासा आणि भिंतीचा सांधा नीट दिसू दे.

तुझे बाबा