सात्विकला कात्री का लावली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालचं क्रीडा पान माझ्यासमोर आहे. 'आपला चिराग' हा लेख आणि त्यावरचा मोठा फोटो. फोटोत बॅडमिंटनपटू चिराग शेट्टी तोंड उघडून ओरडतोय आणि त्याच्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. कोपराशी फोटोच संपतो. तो हात त्याच्या दुहेरीतल्या जोडीदाराचा, सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा, हे कळायला वाचकाला लेखाच्या शेवटापर्यंत जावं लागतं, आणि तिथेही 'साथीदार सात्विक' यापुढे एक अक्षर नाही.

काल सकाळी साडेसातला पुण्याहून माझ्या मित्राचा फोन आला. 'पाहिलंस का रे?' एवढंच म्हणाला. काय, ते मला विचारावं लागलं नाही.

चिराग मुंबईचा, उदय पवारांच्या हाताखाली तयार झालेला, तेव्हा त्याचं कौतुक तुम्ही केलंच पाहिजे. मलाही त्याचा अभिमान आहे. पण 'चिरागने थॉमस चषकात इंडोनेशियाला नमवले', 'चिराग जगात अव्वल' अशी वाक्यं तुम्ही कशी छापता? १५ मे २०२२ ला बँकॉकमध्ये थॉमस चषकाच्या, म्हणजे पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेच्या, अंतिम लढतीत इंडोनेशियाच्या अहसान आणि सुकामुल्जो यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असं हरवलं ते दोघांनी. २०२३ च्या ऑक्टोबरात पहिल्या क्रमांकावर गेली ती जोडी. दुहेरीत एकट्याला क्रमांक नसतोच. जोडीदार बदलला की नवी जोडी क्रमवारीत शून्यापासून गुण जमवते. एकाचा खांदा दुखावला की दुसरा धडधाकट असूनही स्पर्धेतून बाहेर. पैशाचंही तेच. २०२३ ची इंडोनेशिया ओपन या दोघांनी जिंकली तेव्हा जोडीचं बक्षीस ९२,५०० डॉलर होतं आणि एकेरीच्या विजेत्याचं ८७,५००. म्हणजे वाटणी केल्यावर प्रत्येकी ४६,२५०. हे सगळं पत्करून माणूस आयुष्याची पंधरा-वीस वर्षं दुहेरीला देतो, आणि वर्तमानपत्र त्यातला एक कापून टाकतं.

लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच सुटली आहे. ही जोडी मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी जमवली तेव्हा दोघंही मागून मारणारे होते. एकाला पुढे येऊन नेट सांभाळायला शिकणं भाग होतं. ते चिराग शिकला. सात्विकचा स्मॅश ताशी ५६५ किलोमीटरचा मोजला गेला, त्याची गिनेस बुकात नोंद आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. पण तो स्मॅश मारता यावा म्हणून शटल उंच उचलायला समोरच्याला भाग कोण पाडतं? नेटला घासून जाणारी सर्व्हिस, लगेच दोन पावलं पुढे, रॅकेट डोक्याच्या वर, आणि समोरच्याला सपाट मारायला जागाच द्यायची नाही. चिरागचं हे काम सात्विकला वगळून वाचकाला समजावताच येणार नाही.

मला हे इतकं का लागलं, ते सांगतो. मीही दुहेरीत पुढे, नेटपाशी खेळायचो. १९८२ ची गोष्ट. मी आणि माझा जोडीदार दादरच्या एका हॉलमध्ये खेळून मोठे झालो. मी दादरचा, तो परळचा, डावखुरा. तेव्हा गेम पंधराचा, गुण फक्त आपल्या सर्व्हिसवर, आणि दुहेरीत दोघांची सर्व्हिस जाईपर्यंत पाळी आपली. सेकंड हँडला, म्हणजे दोघांतल्या दुसऱ्या सर्व्हिसला, मी उभा राहिलो की मागे तो कुठे आहे हे मला वळून न पाहता कळायचं. त्या वर्षी आम्ही जिल्ह्याची दुहेरी जिंकलो. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आला. तो हवेत, रॅकेट मागे नेलेली, आणि खाली कोपऱ्यात माझा कोपर. बातमीत त्याच्या 'तडाखेबंद' खेळाचं वर्णन होतं आणि माझं आडनाव चुकलेलं. आईनं ते कात्रण वहीत चिकटवलं आणि कोपराकडे पेन्सिलीनं बाण काढून माझं नाव लिहिलं.

चार महिन्यांनी एका मोठ्या कार्यालयात खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली. आम्ही दोघांनी अर्ज केले, दोघांनी तेच कात्रण जोडलं. मुलाखतीत एका साहेबांनी ते हातात धरून विचारलं, 'यात तुम्ही कुठे आहात?' मी कोपरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, 'एकेरीत कुठपर्यंत गेलात?' मी एकेरी खेळतच नव्हतो. ऑर्डर त्याला आली, मला नाही. कप दोघांचा होता.

तो मला म्हणाला, मी जात नाही. त्याचे वडील गिरणीत होते, संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, घरात दोन धाकट्या बहिणी. मीच त्याला भांडून पाठवला. पुढे त्याची बदली नागपूरला झाली. मला नवे जोडीदार मिळाले, तिघं मिळाले, खेळायला चांगले होते. पण प्रत्येक वेळी मला मागे वळून बघावं लागायचं. दोन सीझननंतर मी रॅकेट माळ्यावर टाकली. काल फोन आला तो त्याचाच. नोकरी त्याला मिळाली, तरी त्या फोटोचा राग माझ्याइतकाच त्यालाही आहे, आज चाळीस वर्षांनंतरही.

त्याच १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांना पुरुष दुहेरीचं ब्राँझ मिळालं. आमच्या हॉलमध्ये 'गंधे-डिसा' हे एकच नाव असल्यासारखं घेतलं जायचं. नंदू नाटेकर सहा वेळा एकेरीचे राष्ट्रीय विजेते होते हे तुमच्या पानावर अनेकदा वाचलं. ते दुहेरीतही सहा वेळा आणि मिश्र दुहेरीत पाच वेळा विजेते होते, हे छापलेलं मला तरी आठवत नाही.

आणखी एक. जिल्हा स्पर्धांचे निकाल तुम्ही गेल्या काही वर्षांत बंदच केलेत. पूर्वी बारीक टायपात का होईना, पहिल्या फेरीपासून सगळी नावं यायची, दुहेरीची तर दोन्ही आडनावं यायची. बोरिवलीहून, डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने किट सांभाळत येणाऱ्या मुलांना आपलं नाव छापून आलेलं बघण्याची ती एकच जागा होती. क्रिकेटच्या सरावाच्या बातमीला चार कॉलम मिळतात, या मुलांना चार ओळी तरी द्या.

कालचा मूळ फोटो तुमच्या कार्यालयात असणारच. तो न कापता, दोघांच्या नावांसह, त्याच पानावर पुन्हा छापावा, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई