थंडीतली फळं, पण गार नव्हेत

ती. आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढ्या थंडीत गार फळं कशी खावीशी वाटतात गं तुला?" तेव्हा घाईत होते. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहिते.

गार खातच नाही मी. फळं जास्त गार असली की त्यांची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून खायच्या अर्धा तास आधी फळांच्या सॅलडचा वाडगा फ्रिजबाहेर काढून ठेवते. एवढ्यानेही चवीत किती फरक पडतो, बघ करून.

सॅलडची सुरुवात संत्र्यापासून करायची. साल सुरीने काढायचं, पांढरं आवरणही त्याबरोबरच निघालं पाहिजे. मग संत्रं वाडग्यावर धरून पडद्यांच्या मधून एकेक फोड सोडवायची. रस खाली वाडग्यातच पडतो आणि तोच पुढे कामाला येतो, कारण सफरचंद थेट त्यात चिरायचं असतं. चिरलेल्या सफरचंदाला हवा लागली की त्यातल्या एन्झाइममुळे ते तपकिरी पडतं. रसातला आंबटपणा आणि क जीवनसत्त्व त्याला थोपवून धरतात. संत्रं फार गोड असेल तर चमचाभर लिंबू पिळ. साखर मात्र अजिबात नको. ती फळांतलं पाणी ओढून घेते आणि मग फोडी मरगळतात.

पेअरने मला बरीच वर्षं छळलं. बाहेरून मऊ होईपर्यंत मी थांबायचे आणि कापल्यावर आतला गाभा गेलेला असायचा. पेअर झाडावरून कच्चंच काढतात आणि ते आतून बाहेर पिकत येतं, हे मला उशिरा कळलं. आता रोज देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून बघते. तिथे जरा दबलं की त्याच दिवशी कापायचं. उद्यावर टाकलं की संपलं! किवी कडक असेल तर सफरचंदाबरोबर पिशवीत ठेव. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने किवी लवकर पिकते. पण दुधातल्या सॅलडमध्ये न शिजवलेली किवी, पिकलेली असली तरी, कधीच घालू नकोस. तिच्यातलं अ‍ॅक्टिनिडिन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं फोडतं आणि सगळं कडू होतं.

पर्सिमॉन हे माझं सगळ्यात लाडकं. दिसायला नारिंगी टोमॅटो, चवीला जवळजवळ मध. त्यातलं चपटं असतं ते फुयू, ते कडक असतानाही सफरचंदासारखं कापता येतं. लांबट, टोकदार असतं ते हाचिया. ते पार लिबलिबीत होईपर्यंत हात लावायचा नाही, कारण कच्चेपणी त्यातल्या टॅनिनने जीभ आणि टाळा आवळून येतो. एकदा मी घाईने तेच चिरून घातलं आणि पाहुण्यांसमोरचा अख्खा वाडगा फुकट गेला. फार वाईट वाटलं होतं मला.

दालचिनीची चिमूट, आल्याचा थोडा कीस, बस. याहून जास्त काही घातलं की फळांची चव मागे पडते असं मला वाटतं.

एक महत्त्वाचं. बाबांना ग्रेपफ्रूट (ते संत्र्यासारखं मोठं, कडवट फळ) देऊ नकोस, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नाहीच. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं प्रमाण त्याने रक्तात वाढतं. आधी गोळी आणि मग तासाभराने फळ, असं करूनही भागत नाही. बाबांच्या गोळ्यांची नावं मला कळव, मीही इथे विचारून ठेवते. तोवर त्यांना संत्रं दे.

डाळिंब अगदी शेवटी घाल, म्हणजे त्याचा लाल रंग इतर फोडींना लागत नाही. चार तुकडे करून पातेलंभर पाण्यात बुडवून सोलायचं. दाणे तळाला बसतात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात. दाणे नीट निथळून घे, नाहीतर सॅलड पाणचट होईल. तुझी बोटं दरवेळी काळी पडतात ना, या वेळी पडली का ते रविवारी फोनवर सांग.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक