एकाच रुग्णाला दोन केसपेपर कशाला?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दीर्घ व गंभीर आजाराच्या रुग्णांना एकत्रित उपचार मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी आई गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. आजार कळल्यापासून साडेतीन वर्षं तिचं औषधपाणी मीच बघितलं. त्या काळात जे अनुभवलं ते आपल्या कानावर घालायचं आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक कापडी पिशवी अडकवलेली असायची. तिच्यात मुंबईची फाइल, केमोच्या तारखांचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट. त्याखाली वैद्यांच्या पुड्या, वहीच्या कागदात बांधलेल्या, वर पेन्सिलीने 'सकाळी मधातून' असं लिहिलेलं. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या तीन बाटल्या. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्या. आणि मावशीने धाडलेला गुळवेलीचा काढा. चार ठिकाणचे चार उपचार, आणि त्यांची गाठ पडायची ती फक्त त्या पिशवीत. एकानेही दुसऱ्याचा कागद बघितला नव्हता.

दुसऱ्या वर्षी केमोसाठी मुंबईला गेलो. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरलो होतो. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. यकृताचे आकडे वाढलेले, त्यामुळे केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी काही घेता का?" आई म्हणाली, "नाही." बाहेर जिन्यात बसल्यावर तिने माझा हात धरला. "सांगितलं असतं तर परत ओरडले असते गं." आधीच्या एका रुग्णालयात तिची पुडी चारचौघांत कचऱ्याच्या डब्यात टाकली गेली होती. ते ती विसरली नव्हती.

मी परत आत गेले आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. ते डॉक्टर ओरडले नाहीत. एकेक पुडी उलगडून बघितली, कागदावर लिहून घेतलं, काढा आणि पुड्या बंद करायला सांगितल्या. दोन आठवड्यांनी आकडे खाली आले, केमो झाली. काढ्यामुळेच ते वाढले होते, असं त्यांनीही ठामपणे म्हटलं नाही. पण 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती आणि केंद्राच्या आयुष (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरे) मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. माझा मुद्दा साधा आहे. रुग्ण काय काय घेतो हे उपचार करणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, आणि ते न भिता सांगता आलं पाहिजे.

आपल्या सरकारी रुग्णालयांत आयुष विभाग आहेत. तिथे गेलो तर दुसरी खिडकी, दुसरी रांग, दुसरा केसपेपर. तिथल्या वैद्यांनी आईची नाडी बघितली, आस्थेने चौकशी केली. केमोची कोणती औषधं चालू आहेत हे विचारलं, तेही मी फाइल काढून दाखवलं म्हणून. इकडच्या कागदावर तिकडचं काही येत नाही. एकाच छताखाली दोन दवाखाने शेजारी शेजारी चालतात, याला एकत्रित उपचार म्हणता येणार नाही. 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग सगळे एकाच विद्यापीठाची पदवी घेतात. मग एकाच रुग्णाच्या कागदावर त्यांना सह्या का करता येऊ नयेत? त्यात जिल्हा रुग्णालयं आपल्या विभागाकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालयं व आयुष संचालनालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. म्हणजे हे काम दोन मंत्र्यांनी एकत्र बसल्याशिवाय होणार नाही. आपण पुढाकार घ्यावा, ही माझी पहिली विनंती आहे.

हे होऊ शकतं, हे मी घरीच बघितलं आहे.

शेवटच्या सात-आठ महिन्यांत कॅन्सर हाडांत गेला होता. आमच्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी बीएएमएस झालेल्या, वयाने माझ्याहून लहान. आशाताईंनी त्यांना घरी आणलं. त्या दिवशी शेजारच्या काकू आईच्या पाठीला तेल लावून जोराने चोळत होत्या. मॅडमनी आधी फाइल मागितली. स्कॅनचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "पाठ चोळायची नाही. मणके ठिसूळ झालेत, मोडतील." काकूंचं तोंड उतरलं. तेव्हा मॅडमनी काशाची वाटी आहे का विचारलं, तळपायाला तूप लावलं आणि हलक्या हाताने वाटी कशी फिरवायची ते काकूंनाच दाखवलं. पंधरा मिनिटांत आईचा डोळा लागला. काकू मग शेवटपर्यंत रोज रात्री येत राहिल्या.

त्याच मॅडमनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक गोळीने पोट साफ होत नाही म्हणून सोबत काय द्यायचं ते विचारून घेतलं, आणि एका शाळेच्या वहीत सगळी औषधं, जेवण, झोप, दुखणं लिहायला मला शिकवलं. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. आई हसून म्हणायची, "बाई, आज सहा." मला जे एकत्रित उपचार अभिप्रेत आहेत ते हे. हाडांचा रिपोर्ट वाचता येणारं, काशाच्या वाटीचं मोल जाणणारं आणि अडलं तर फोन उचलून विचारणारं एक माणूस. पण आपली नेमून दिलेली सगळी कामं सांभाळून त्या हे करत होत्या. त्यासाठी त्यांना वेगळा वेळ नव्हता, वेगळं प्रशिक्षण नव्हतं.

मॉर्फिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त हाल तिथे झाले. तालुक्याला गोळी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन मेडिकल दुकानांनी 'आम्ही ठेवत नाही' म्हणून परत पाठवलं, एकाने तर चिठ्ठी धरून माझ्याकडे संशयाने बघितलं. भाऊ रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन आणायचा. एकदा गाडी चुकली. ती रात्र आईने उशी तोंडात धरून काढली. नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, औषधी अफूचा सरकारी कारखाना नीमचला आहे. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. वेदनाशमन आणि परिहार सेवेचा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचं दुखणं व त्रास कमी करणारी सेवा) राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून कागदावर आहे. तरी सांगलीच्या रुग्णाने गोळीसाठी मुंबई गाठायची? केरळात 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातून या परिहार सेवेचं काम सुरू झालं, 2008 मध्ये राज्याचं धोरण आलं आणि आज तिथे ग्रामपंचायतींच्या मदतीने नर्स घरोघरी जातात. आपल्याकडे महात्मा फुले योजनेतून आईच्या उपचारांना मोठा आधार मिळाला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण घरी येणारी नर्स त्या योजनेत बसत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं.

एक काळजीही बोलून दाखवते. 'एकत्रित' या शब्दाआडून कोणी कॅन्सर मुळापासून बरा करण्याचं दुकान थाटू नये. आमच्याच भावकीतल्या एका काकांची तोंडाची गाठ लहान असताना ऑपरेशन ठरलं होतं. ते सोडून ते सहा महिने कुणाकडे तरी झाडपाल्याचे लेप लावत राहिले, आणि परत आले तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. अशा जाहिराती 1954 च्या कायद्याने बंद आहेत, पण एसटीच्या थांब्यावर आणि मोबाइलवर त्या उघड फिरतात. त्यांच्यावर कारवाई करा. आयुर्वेद, योग यांचा मान त्यानेच राखला जाईल. परळच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये योगाभ्यासाची मोठी चाचणी घेतली ती नेहमीच्या उपचारांना जोडून. रीत अशी हवी.

तेव्हा मागणं एवढंच. सरकारी रुग्णालयात एका रुग्णाला एकच केसपेपर असावा आणि त्यावर 'इतर कोणती औषधं, काढे, पुड्या घेता?' हा रकाना छापलेला असावा, म्हणजे तो प्रश्न न रागावता विचारला जाईल. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत मॉर्फिनची गोळी कायम शिल्लक असावी. आणि समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई यांना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या सेवेचं रीतसर प्रशिक्षण, आठवड्यातला ठरलेला वेळ आणि त्याचा वेगळा मोबदला मिळावा.

आईची वही माझ्याजवळ आहे. आपल्या अधिकाऱ्यांना बघायची असेल तर मी घेऊन येईन. आमच्या आशाताईंना हे प्रशिक्षण घ्यायचं आहे, आईच्या वेळी त्या एक दिवस चुकल्या नाहीत. त्यांचं नाव कुठे द्यायचं, ते कृपया कळवावं.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जि. सांगली