ते धुके नव्हते, पाचटाचा धूर होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आपण आमच्या भागाचे छायाचित्र छापले होते. उसाचा फड, मधून जाणारी बैलगाडी आणि खाली ओळ : 'फलटण तालुक्यावर धुक्याची दुलई'. छायाचित्र झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सकाळी मी दूध आणायला त्याच रस्त्याने गेलो होतो. धुक्यातून आले की मिशा ओल्या होतात, गाडीच्या सीटवर दव साचते. त्या दिवशी सीटवरून हात फिरवला तर बोटे काळी झाली. आदल्या संध्याकाळी कॅनॉलपलीकडच्या दोन फडांतले पाचट, म्हणजे ऊसतोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवले होते. ती दुलई त्याची होती.

मी तहसील कार्यालयात कारकून होतो. पावसाळ्यात पर्जन्यमापकाची नोंद बरीच वर्षे माझ्याकडे असे. सुट्टी असो की सण, सकाळी साडेआठला मापकातले पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या रेषेला आणून मिलिमीटर वाचायचे आणि वर कळवायचे. फलटण पडले पर्जन्यछायेत, त्यामुळे बहुतेक दिवस 'निरंक' एवढेच कळवावे लागे. तरी तेही कळवायचे.

सवय काही सुटली नाही. आमच्या गच्चीवरून दक्षिणेला मोगराळे घाटाकडची डोंगराची कड दिसते. आता पाच हिवाळे झाले, मी रोज सकाळी साडेसातला ती दिसली की नाही एवढेच वहीत मांडतो. दिसली तर बरोबरची खूण, नाही तर फुली. (सौ. म्हणतात, सरकार पगार देत होते तेव्हा एवढ्या वेळेवर उठत नव्हता.) आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा वही काढायची गरजच नसते, वारा भणाणत असतो, ढग नसतील तर कड कोरून काढल्यासारखी दिसते. मार्गशीर्षात देवदिवाळीला रामाचा रथ निघतो, तोवर आसपासच्या साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. तिथून फुल्या वाढू लागतात. मागच्या जानेवारीच्या पानावर फुल्याच जास्त आहेत.

थंडीत रात्री जमीन लवकर निवते. तिच्या लगतची हवा गार, जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. वारा पडलेला असतो. अशा वेळी चुलीचा धूरसुद्धा वर न जाता पत्र्यांवर आडवा होतो. पाचट नेमके याच वेळी पेटवतात, कारण दुपारी वारा असतो आणि आग शेजारच्या उभ्या उसात शिरायची धास्ती असते. शेजाऱ्याचा ऊस वाचतो आणि धूर रात्रभर गावात मुक्कामाला येतो. ऊन चांगले वर आल्यावर तो विरतो, पण तोवर शाळेतल्या मुलांची मैदानावरची कवायत उरकलेली असते. माझा सात वर्षांचा नातू त्यातलाच एक. घरी त्याच्यासाठी वाफ द्यायचे यंत्र आणून ठेवले आहे. पहिल्यांदा दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, घरात कुणी विडी ओढते का? कुणीच ओढत नाही. पण आमच्याकडे निदान खिडक्या तरी आहेत लावून घ्यायला. फडाच्या बांधावर कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड्यांच्या पोरांनी काय लावून घ्यायचे?

शेतकऱ्याला शिव्या देण्यासाठी हे पत्र नाही. माझा दोन एकर ऊस आहे आणि मीही वर्षानुवर्षे काडी लावली आहे. तोडणी झाली की खोडव्याच्या, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, वरंब्यांच्या बगला नांगराने फोडायच्या असतात, पाणी सरीतून सरळ पळायला हवे असते, पाण्याची पाळी रात्रीची असेल तर पाचटात पाय घालायला जीव धजत नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे गंमत नाही. आमच्या शेजारी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. शिफारस साधी आहे : टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, आणि पाचट सरीतच कुजवा. मी केले. पहिल्या वर्षी उंदीर झाले, पहिले पाणी पोचायला दुप्पट वेळ लागला, भाऊ हसला. दुसऱ्या वर्षी माझ्या खोडव्याची एक पाळी लांबली तरी पान सुकले नाही. भावाने अजून काडी सोडलेली नाही. मात्र पाचटाची कुट्टी करणाऱ्या यंत्राचे भाडे विचारून गेला आहे.

आता मुद्द्याचे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे आज शेळ्या राखणाऱ्या पोरालाही माहीत आहे, कारण त्या आकड्यावर पंचनामे होतात. हवामान नोंदींच्या महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून जास्त मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळे मोजतात. हवेत धूर किती, ते मोजत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आहेत. तो शहरांसाठीच आहे. मोबाइलवर 'फलटण' टाकले की एक आकडा येतो खरा, पण तो उपग्रह आणि गणित यांवरून बांधलेला अंदाज. पीएम २.५ या बारीक कणांसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आमच्याकडे ती किती रात्री ओलांडली जाते, हे माझ्या फुल्यांवरून कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून मागणी एवढीच आहे. तालुक्याला निदान एका हवामान केंद्रावर कणमापक बसवावा, गळीत हंगामात त्याची रोजची नोंद जाहीर करावी. आपण वीर, भाटघर, नीरा देवघर या धरणांचा पाणीसाठा रोज छापता, आम्ही तो चहाच्या आधी वाचतो. त्याच चौकटीत आणखी एक ओळ मावेल.

तोवर रविवारच्या छायाचित्राखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कारकून
फलटण, जि. सातारा