ॲन्सेल्म गादीसाठी भांडले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मध्ययुगीन युरोपवरच्या लेखात कँटरबरीचे, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च धर्मपीठाचे, आर्चबिशप ॲन्सेल्म (1033-1109) यांची 'सत्तेसाठी दोन राजांशी भांडलेला धर्मगुरू' अशी एका ओळीत बोळवण केली आहे. भांडणे झाली हे खरे. 'सत्तेसाठी' हे मात्र पटत नाही.

1089 मध्ये त्यांच्या आधीचे आर्चबिशप लॅनफ्रँक वारले. इंग्लंडचा राजा विल्यम रुफसने पुढची चार वर्षे कोणाला नेमलेच नाही, कारण रिकाम्या गादीच्या जमिनींचे उत्पन्न थेट त्याच्या तिजोरीत जाई. मार्च 1093 मध्ये ग्लॉस्टर येथे तो मरणाच्या दारात पोचला, तेव्हा कुठे त्याला पुण्य आठवले. नॉर्मंडीतल्या बेक मठाचे मठाधिपती ॲन्सेल्म त्या सुमारास इंग्लंडमध्येच होते, वय साठीच्या घरात. आर्चबिशपपद द्यायला त्यांना ओढतच राजाच्या बिछान्यापाशी नेले. त्यांनी मूठ घट्ट आवळली. बिशपांनी बोटे उचकटायचा प्रयत्न केला, ते कळवळले, पण मूठ उघडेना. अखेर बंद मुठीवरच धर्मदंड (बिशपपदाची खूण असलेली काठी) दाबून धरला आणि जयजयकार केला! म्हातारी मेंढी (म्हणजे आपण) आणि रानटी बैल (म्हणजे राजा) एकाच नांगराला जुंपताय, असे ॲन्सेल्म बिशपांना म्हणाले.

हे सारे त्यांचा शिष्य एडमर सांगतो, तेव्हा गुरूचे कौतुक थोडे जास्त असणारच. पण पुढचे पाहा. राजा बरा झाला आणि पश्चात्तापही ओसरला. ॲन्सेल्मनी नजराणा म्हणून देऊ केलेले 500 पौंड त्याला कमी वाटले. त्यांनी रक्कम वाढवली नाही, गरिबांना वाटून टाकली. गादीची हाव असलेला माणूस असे करील?

रुफसनंतरचा राजा पहिला हेन्री याच्याशी, बिशपांना पदाची चिन्हे कोणी द्यायची यावरून झालेला वाद 1107 मध्ये तडजोडीने मिटला: बिशपांना अंगठी आणि दंड राजाने द्यायचा नाही, जमिनींसाठी मात्र त्यांनी राजापुढे निष्ठेची शपथ घ्यायची.

ईश्वराच्या अस्तित्वाचा त्यांचा प्रसिद्ध युक्तिवाद (ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही, ते नुसते मनात नव्हे, वास्तवातही असलेच पाहिजे) लेखात सविस्तर आहे. (मला तो लंगडा वाटतो.) पण 'मग सर्वोत्तम बेटही कुठेतरी असलेच पाहिजे' असा टोला हाणणारा गॉनिलो हा मठवासी त्यात कुठेच नाही. त्याचा आक्षेप आणि आपले उत्तर, दोन्ही यापुढे तो युक्तिवाद असलेल्या ग्रंथाच्या प्रतींना जोडावे, असे खुद्द ॲन्सेल्मनी सांगितले होते. लेखाचा उत्तरार्ध येणार असेल, तर त्यात गॉनिलोला चार ओळी द्याव्यात.

– एक वाचक, सातारा