शिंप्याला चिमणी म्हणू नका

मा. संपादक,

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत वायरींना लागणाऱ्या फांद्या छाटायला माणसं आली होती. अंगणातल्या अंजिरावर शिंप्याचं, म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या बारक्या पक्ष्याचं, घरटं होतं. मी आडवी गेले, पण ‘काकू, चिमणीच हाय, दुसरीकडं घर करील’ म्हणेपर्यंत कोयता चाललाही. आत तीन पिल्लं होती.

बारका पक्षी दिसला की चिमणी म्हणायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. पण चिमणी भिंतीच्या भोकात नाहीतर फोटोमागं काड्या कोंबते. शिंप्याचं घर झाडाच्या जित्या पानांचंच. पानं हिरवीच राहतात, म्हणून ते कुणाला दिसतही नाही.

मी पंचवीस वर्षं ब्लाउज शिवते. पडलेलं घरटं हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत बसले. पानांच्या कडांना चोचीनं पाडलेली बारीक भोकं, त्यांतून ओढलेला कापूस आणि कोळ्याचं जाळं. आपला दोरा सलग चालतो, याचा प्रत्येक टाका सुटा. गाठ कुठंच नाही. भोकाबाहेर आलेला कापूस पिंजून फुगतो, म्हणून टाका मागं सरकत नाही.

शिंपी ओळखायला सोपा आहे. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, शेपटी उभी. चिमणीची चोच दाणे फोडायची, जाड. याची किडे टिपायची, बारीक आणि लांब. वजन जेमतेम 6 ते 10 ग्रॅम, पण ‘टुविट टुविट’ सगळ्या गल्लीला ऐकू जातं. फसगत होते ती राखी वटवट्या या दुसऱ्या बारक्या पक्ष्याशी. त्याचीही शेपटी उभी, आणि कधीकधी तोही पानं शिवतो! मात्र त्याचं डोकं राखाडी, पोट बदामी, आणि उडताना टकटक असा आवाज येतो.

घरटं न ओळखण्याची गत शिंजिराचीही. या मध पिणाऱ्या बारक्या पक्ष्याचं लोंबतं घरटं तर दारातल्या वायरीवर असलं की लोक जळमट समजून झाडूनं ओढतात.

शिंप्याची अंडी उबून पिल्लं उडायला साधारण महिना लागतो. छाटणीआधी पानं उलटून बघावीत. कडा शिवलेल्या दिसल्या तर तेवढी फांदी महिनाभर राहू द्यावी, एवढी छाटणीवाल्यांना आणि घरमालकांना कळकळीची विनंती.

ती जोडी अंजिरावर अजून येते. काल एकानं माझ्या खिडकीतल्या चिंध्यांमधून कापसाचा पुंजका नेला.

– शिवणकाम करणारी एक वाचक, मिरज